डीओआरबीचा बिन: कामाच्या नोंदी

६ जून २०२४

सांगलीजवळचा पशुखाद्य प्लांट. तक्रार बिनची, म्हणजे डीओआरबी (तेल काढून घेतलेला भाताचा कोंडा) साठवायच्या पत्र्याच्या कोठीची. बॅचिंगला (प्रत्येक घाण्यासाठी माल मोजून सोडायला) माल उतरत नाही, मिक्सर थांबतो, त्याच्यामागे गोळी पेंडेचं मशीन थांबतं. पावसाळा तोंडावर आहे आणि मागच्या पावसाळ्यात पाळीतले दोन-दोन तास ह्या एका बिनपायी गेले, असं मालकांचं म्हणणं.

बिन चौकोनी, २.४ बाय २.४ मीटर. सरळ भाग ४ मीटर, त्याखाली चारही बाजूंनी ६० अंशांत उतरत निमुळता होणारा हॉपर. तळाला ३०० बाय ३०० मिमीचं तोंड, मग स्लाइड गेट (सरकती झडप), मग माल पुढे ढकलणारा स्क्रू. एमएसचा (साध्या पोलादाचा) पत्रा, आतून चांगलाच गंजलेला. बाहेरून हॉपरच्या खालच्या दोन फुटांत घणाचे इतके खड्डे, की सरळ पत्रा बोटभरही उरलेला नाही. बाहेरचा खड्डा आत फुगवटा होऊन बसतो, फुगवट्यावर माल अडतो, अडला की परत घण. दोन व्हायब्रेटरही बसवलेत, त्यातला एक बंद.

ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, घण मारल्याबिगर ह्याला दुसरं औषध न्हाई. आन् लई अडलं तर वरनं पोरगं उतरवून बांबूनं ढोसतो."

हे शेवटचं वाक्य वहीत वेगळं लिहून घेतलं.

वरच्या झाकणातून टॉर्च मारून पाहिलं. मधोमध दोन-अडीच फूट रुंदीची विहीर पडलेली, थेट तोंडापर्यंत. भोवतीचा माल भिंतीसारखा उभा. विहिरीच्या कडेचा माल ताजा, फिकट तपकिरी. कोपऱ्यातला काळपट, गाठी झालेला, सोंडे लागलेला. तो माल कधी भरलाय हे कुणालाच सांगता आलं नाही. जे आत्ता भरतात तेच विहिरीतून आधी बाहेर पडतं, जुनं कडेला तसंच राहतं. कागदावर बिन दहा टनांचा, वापरात त्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

७ जून

मालकांना आज पहिली गोष्ट सांगितली: बिनमध्ये माणूस उतरवणं आजपासून बंद. वर उभ्या असलेल्या मालावर माणूस उभा राहिला आणि खालची पोकळी ढासळली, तर तो काही सेकंदांत कंबरेपर्यंत जातो. मग बाहेरून ओढून निघत नाही, कारण भोवतीच्या मालाचा दाब आणि घर्षण त्याला धरून ठेवतं. छातीपर्यंत गेला, तर श्वास सोडला की माल तेवढा आत सरकतो. कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ३६मध्ये बंदिस्त जागेत उतरण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. झाकणाला आडवी जाळी वेल्ड करून घ्यायची, १०० मिमीच्या चौकटीची. माल जाईल, माणूस जाणार नाही. तेवढं काम मी त्याच दुपारी करवून घेतलं, बिल नंतर.

ह्या भागातल्या लोकांना खरं तर हे नव्यानं सांगायला नको. हरिपूरची हळदीची पेवं सगळ्यांनी पाहिलेली किंवा ऐकलेली आहेत. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे, आधी हवा लागू द्यायचे. जमिनीखालच्या खड्ड्याला जो मान होता तो पत्र्याच्या बिनला नाही, एवढाच फरक.

११ जून

नमुने आणले. दोन: एक गोदामातल्या कोरड्या थप्पीतला, एक दरवाज्याजवळच्या पोत्यांतला, जिथे पावसाची हवा लागते. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढला. पहिल्यात ११ टक्के, दुसऱ्यात १३.५. आकड्यात फरक अडीच टक्क्यांचा. हाताला मात्र लगेच कळतो: पहिला मुठीत दाबून सोडला की विखुरतो, दुसऱ्याचा लाडू राहतो आणि बोटांच्या रेघा त्यावर उमटतात.

मग एक लिटरचा सिलिंडर. कोरडा माल हलक्या हातानं भरला तर ३४० ग्रॅम बसला. टेबलावर रबरी चटई टाकून सिलिंडर ठोकत राहिलो, ७५५ मिलीवर येऊन थांबला. म्हणजे सैल घनता घनमीटरला ३४० किलो, ठोकलेली ४५०. हौसनर गुणोत्तर (ठोकलेली भागिले सैल) १.३२, कारचा निर्देशांक (ठोकल्यावर आकारमान किती टक्के घटतं) साधारण २४. दमट माल: सैल ३३०, ठोकलेला ४७०, गुणोत्तर १.४२, निर्देशांक ३०. पहिला "चालेल" ह्या वर्गाच्या शेवटच्या पायरीवर, दुसरा "वाईट"मध्ये.

ही चाचणी स्वस्त आहे, वर्कशॉपमध्ये होते आणि दोन नमुन्यांतला फरक दाखवते. पण तिच्यावरून हॉपरचं तोंड किती ठेवायचं हे निघत नाही. बरेच जण इथेच थांबतात, किंवा त्याहून अलीकडे: जमिनीवर ढीग ओतायचा, उताराचा कोन मोजायचा, त्यात दहा अंश मिळवायचे आणि तो हॉपरचा कोन. सैल ओतलेला ढीग आणि दहा टनांखाली तीन दिवस दबून बसलेला माल, ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

दोन्ही नमुने एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबला शिअर चाचणीसाठी (दाबलेला माल सरकवायला किती जोर लागतो ते मोजायला) पाठवले. सोबत पत्र्याचे दोन तुकडे: एक ह्याच बिनमधून कापलेला गंजका एमएस, एक नवा एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), गुळगुळीत टू-बी फिनिशचा.

१४ जून

रिपोर्ट येईपर्यंत भूमितीचा हिशेब.

जुन्या हॉपरच्या बाजू ६० अंशांत आहेत हे खरं. पण दोन बाजू जिथे मिळतात ती कोपऱ्याची नाळ ६० अंशांत नसते. नाळेच्या कोनाचा कोटँजंट काढायला दोन्ही बाजूंच्या कोटँजंटचे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ घ्यायचं. ६० आणि ६० घातले तर नाळ येते ५१ अंश. म्हणजे ड्रॉइंगवर ६० लिहिलेला हॉपर चार कोपऱ्यांत ५१चा आहे, शिवाय तिथेच वेल्डिंगचा ओबडधोबड पट्टा. काळा माल नेमका कोपऱ्यात का, ह्याचं उत्तर इथे आहे.

मक्याचा बिन शेजारीच आहे, त्याच मापाचा, त्याच कोनाचा, तो कधी अडत नाही. मालकांचा युक्तिवाद हाच: "तो चालतो, मग हा का नाही?" मक्याचा दाणा सात-आठ मिमीचा, कोरडा, एकमेकाला चिकटत नाही. त्याला तोंड दाण्याच्या आकाराच्या काही पट असलं की झालं. कोंड्याच्या बारीक कणांना स्वतःची चिकट आहे, दाबानं ती वाढते, वेळेनं अजून वाढते. ड्रॉइंग एकच वापरलं, माल दोन वेगळे निघाले.

मक्याच्या बिनबद्दल त्यांचा दुसरा समज असा, की वरपर्यंत भरला की खालून जोरात येतो. पाण्याच्या टाकीचं तसं असतं, दाण्यांचं नाही. दाणेदार माल तोंडातून किती पडेल हे तोंडाच्या रुंदीवर ठरतं, वरच्या उंचीवर जवळजवळ नाहीच. बेव्हर्लूचं १९६१चं सूत्र लावलं तर १५० मिमीच्या गोल तोंडातून मका तासाला ३५ टनांच्या आसपास येतो, वर एक मीटर माल असो की चार.

२१ जून

रिपोर्ट आला. मन लावून वाचला.

ताजा, ११ टक्के ओलाव्याचा माल: प्रवाहिता गुणांक ४.६ (आकडा जितका मोठा तितका माल सहज वाहतो). म्हणजे सहज वाहणाऱ्यांच्या वर्गात जेमतेम. १३.५ टक्क्यांचा, तीन दिवस दाबाखाली ठेवलेला: २.३. चिकट वर्गात, आणि अतिचिकटच्या उंबऱ्यावर. तोच माल, ओलावा अडीच टक्के जास्त, शनिवारी भरला आणि मंगळवारी काढला, एवढ्यानं.

भिंतीच्या घर्षणाचा कोन (पत्रा किती कलला की त्यावरचा माल सरकतो): गंजक्या पत्र्यावर ३० अंश, एसएसवर २०.

ह्यापुढचा हिशेब अँड्र्यू जेनिके ह्यांच्या पद्धतीनं. १९५० आणि ६०च्या दशकांत युटा विद्यापीठात त्यांनी ही पद्धत बांधली आणि आजही जगभर तीच चालते. मुद्दा असा. तोंडावर मालाची कमान तयार होते. कमान टिकायची असेल तर मालाची ताकद तिच्या वजनाला पुरली पाहिजे. तोंड जितकं रुंद तितकी कमान जड, आणि एका रुंदीनंतर कोणतीच कमान टिकत नाही. ती रुंदी काढायची.

दमट मालाची तोंडाशी लागणारी निर्णायक ताकद आली १.३ किलोपास्कल. घनता ४०० धरली. गोल किंवा चौकोनी तोंडाला लागतात साधारण ७३० मिमी. लांबट खाचेला त्याच्या निम्मे, ३६५ मिमी, कारण खाचेतल्या कमानीला टेकू दोनच बाजूंचा मिळतो. फक्त खाचेची लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर ती पुन्हा चौकोनासारखी वागते.

आत्ताचं तोंड ३०० चौरस. कोरड्या मालाचा हिशेब केला तरी ५६० हवेत. म्हणजे हे तोंड उन्हाळ्यातसुद्धा अपुरंच होतं. उन्हाळ्यात ते चालत नव्हतं, घण चालवत होता.

कोनाचं: सगळा माल एकत्र सरकायला हवा असेल, विहीर पडायला नको असेल, तर गंजक्या पत्र्याच्या गोल शंकूला आडव्यापासून ७८ अंश तरी लागतात. एसएसला ६३, वर तीन-चार अंश राखून ६७. आणि खाचेच्या हॉपरच्या लांब बाजूला एसएसवर ५५सुद्धा पुरतात.

२४ जून

मालकांच्या केबिनमध्ये बैठक. एका सप्लायरनं त्यांना एअर ब्लास्टर (दाबातल्या हवेचा झटका मारून माल सोडवणारं यंत्र) सुचवलाय. आठवड्यात बसवून देतो म्हणाला.

माझं मत स्पष्ट सांगितलं. ब्लास्टर कमान फोडेल, विहीर नाही भरणार. कोपऱ्यातला माल त्याच्यासाठी तितकाच दूर. शिवाय हा बारीक माल एकदम ढासळला की त्यात हवा भरते आणि थोडा वेळ तो पाण्यासारखा वाहतो. स्क्रूला जुमानत नाही, बंद स्क्रूतून पलीकडे येतो. बॅचमध्ये १२० किलो हवे असताना १७० पडतील. व्हायब्रेटरचंही तसंच: गेट बंद असताना तो चालू राहिला तर तो माल सोडवत नाही, ठासतो. इथे तो कायम चालू असायचा, कारण त्याचं बटण मिक्सरच्या पॅनलला जोडलं होतं, स्क्रूला नाही.

मालकांची खरी भीती मात्र वेगळीच निघाली. कोन उभा केला तर साठवण कमी होईल. त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. नवं तोंड ४०० बाय १५०० मिमी. लांब बाजू ६५ अंश, आखूड बाजू आपोआप ७८ येतात, नाळ ६३. हॉपरची उंची १.८२ मीटरवरून २.१५ वर जाते, खाली जागा नाही म्हणून सरळ भागातून ३२५ मिमी कापावे लागतील. जुनं आकारमान २७ घनमीटर, नवं २७.३. वाढलं! तळाचं तोंड मोठं झाल्यावर हॉपर खाली कमी निमुळता होतो, कापलेलं तिथे परत मिळतं. दोन वेळा स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं त्यांनी, मग चहा मागवला.

२ जुलै

भिंती आणि खांबांवरचा भार. बिनमधला माल पाण्यासारखा धरला तर चार मीटरखाली उभा दाब १५.७ किलोपास्कल. जर्मन अभियंता जान्सेन ह्यांनी १८९५ साली धान्याच्या कोठारावर प्रयोग करून दाखवलं, की दाब खोलीबरोबर वाढत जात नाही, हळूहळू थांबतो, कारण मालाचं वजन घर्षणानं भिंती उचलतात. भिंतीचं घर्षण आणि आडव्या-उभ्या दाबाचं गुणोत्तर, दोन्ही ०.४५ धरून दाब येतो ८.६. तळाला आराम, पण राहिलेलं वजन भिंतीतून खांबांत जातंय हे विसरायचं नाही. आणि माल सरकू लागला की सरळ भाग आणि हॉपर मिळतात त्या कडेवर दाबाचा झटका येतो, तिथे बाहेरून अँगलची पट्टी वाढवली.

९ जुलै

स्क्रू. ह्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि अर्धे हॉपर इथेच बिघडतात. तोंड दीड मीटर लांब केलं, पण खाली एकाच पिचचा (पात्याच्या दोन वेढ्यांमध्ये सारखंच अंतर असलेला) स्क्रू ठेवला, तर तो माल घेणार फक्त मागच्या टोकाकडून. पहिल्या पात्यातच तो भरतो, पुढे जागाच उरत नाही. मग दीड मीटरच्या खाचेतली सव्वा मीटर नुसती शोभेची, आणि मागच्या टोकावर पुन्हा विहीर.

म्हणून पिच वाढत जाणारा घेतला. मागून पुढे: १३०, १६०, १९०, २२०, २५०, २८०, ३०० मिमी. प्रत्येक पात्यात आधीच्यापेक्षा थोडी जास्त जागा, ती वरून भरली जाते. व्यास ४००, पाइप ११४. शेवटच्या पिचला फेऱ्यामागे १३ किलोच्या आसपास बसतात, म्हणजे मिनिटाला दहा फेऱ्यांत काम होतं. गिअरबॉक्स मोठा, मोटारीला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करायला).

लायनर, म्हणजे आतलं अस्तर, ३ मिमी एसएस. जोड कौलांसारखे: वरचा पत्रा खालच्यावर चढलेला, म्हणजे सरकणाऱ्या मालाला कड लागत नाही. फॅब्रिकेटरच्या पोरांनी पहिला पत्रा उलटा टॅक केला होता, काढायला लावला. कोपरे वेल्ड न करता बेंडिंग मशीनवर गोल वळवले. फ्लँजला (दोन भाग बोल्टनं जोडायच्या कडेला) नियम एकच, खालचं तोंड वरच्यापेक्षा दोन्हीकडून थोडं मोठं. खालचं लहान राहिलं तर आत फळी तयार होते. स्लाइड गेट ठेवलंय ते फक्त दुरुस्तीसाठी. अर्धं उघडं ठेवून माल "कंट्रोल" करायचा नाही, हे गेटवरच रंगवून टाकलं.

२० जुलै

कटिंगचा दिवस. बिन पूर्ण रिकामा, आतून झाडून घेतला, बीम आणि केबल ट्रेवरची धूळही. कोंड्याची धूळ पेटते आणि हवेत उडाली तर स्फोट होतो, हे वेल्डरला पटवावं लागतं. "पिठाला काय आग लागतीय" हे नेहमीचं. अमेरिकेत जॉर्जियामध्ये फेब्रुवारी २००८मध्ये इंपीरियल शुगरच्या कारखान्यात सायलोखालच्या बंदिस्त कन्व्हेयरमध्ये साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, १४ माणसं गेली. साखर म्हटल्यावर वेल्डर गप्प झाला. त्याचा भाऊ साखर कारखान्यात आहे.

शेजारचं ग्राइंडर आणि एलेव्हेटर बंद करून कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. संध्याकाळपर्यंत जुना हॉपर खाली.

६ ऑगस्ट

बसवणं पूर्ण. पहिल्यांदा भरताना रिकाम्या हॉपरवर एकदम दहा टन ओतायचे नाहीत. माल अजून सरकलेला नसतो, तेव्हा सगळं वजन सरळ स्क्रूवर येतं, ते चालू अवस्थेतल्या भाराच्या कितीतरी पट असू शकतं. दीड टन भरलं, स्क्रू दोन मिनिटं फिरवला, मग वरून भरत गेलो. मोटारीचा करंट पहिल्या फेऱ्यांत चढला आणि खाली आला. इथून पुढे हॉपर कधी पूर्ण रिकामा करायचा नाही, तळाला थोडा माल ठेवायचा, असं मामांना सांगितलं.

वजन घेतलं: फेऱ्याला ११.४ ते ११.८ किलो. बॅचसाठी ह्याहून चांगलं नको.

९ ऑगस्ट

खरी परीक्षा आज. बाहेर संततधार, पोती दमट. बिन निम्मा भरला, त्यावर दोन पोती अख्खा पिवळा मका समतल पसरला, वर पुन्हा कोंडा. विहीर पडत असेल तर मका लवकर येईल, थोडा थोडा येत राहील. सगळा माल एकत्र उतरत असेल तर खालचा कोंडा संपेपर्यंत दाणा दिसणार नाही.

स्क्रूच्या तोंडाशी मामा स्टूल टाकून बसले. मी वर जाळीतून आत पाहत होतो. मालाचा पृष्ठभाग सपाट खाली येत होता, कडेला लागून, कोपऱ्यांतसुद्धा. खालच्या निम्म्याचा बहुतेक माल निघून गेल्यावर मामांनी हाक मारली, "आला!" आणि मग मका दाट आला, काही बॅचमध्येच संपला. मागून चुकार दाणे थोडे.

मामा उठून हॉपरला हात लावून आले. घण कुठे ठेवायचा म्हणाले. स्टोअरला जमा करून पावती घ्या म्हटलं.

२७ ऑगस्ट

तीन सुट्ट्या जोडून आल्या, त्यात बिन भरलेला राहिला. आज सकाळी स्क्रू चालू केला, माल आला. करंट नेहमीपेक्षा थोडा जास्त, अर्ध्या मिनिटात खाली. ओलावा मोजला, १३.८. माझ्या चाचणीच्या कक्षेच्या जरा बाहेर. १५च्या पुढे मी ह्या हॉपरची हमी देत नाही, हे हँडओव्हरच्या कागदावर लिहिलंय आणि मालकांची सही घेतलीय. गोदामाच्या दरवाज्याला पडदा आणि पोत्यांखाली पॅलेट, हे त्यांचं काम.

३ सप्टेंबर

आता कॅल्साइटच्या (चुनखडीच्या पावडरीच्या) बिनचं दुखणं बरोबर उलटं. अडत नाही, सुटतो. टँकरमधून हवेच्या दाबानं भरला की पहिला तासभर पावडर फुगलेली असते, स्क्रू थांबला तरी गळत राहते. परवाच्या बॅचमध्ये जवळपास दुप्पट पडलं. तोंड मोठं करून इथे नुकसानच होईल. भरल्यावर हवा निघायला वेळ द्यायचा, भरताना बॅचिंगला इंटरलॉक (तेवढा वेळ बॅचिंग चालूच होऊ नये असा), आणि स्क्रूनंतर रोटरी व्हॉल्व्ह (फिरत्या पात्यांची झडप), असा विचार आहे. आधी घनता भरल्याबरोबर, अर्ध्या तासानं आणि दोन तासांनी मोजायची. शुक्रवारी टँकर येणार आहे, सिलिंडर आणि काटा घेऊन सकाळी आठला प्लांटवर.